मनीऑर्डरच्या अंगठ्यापासून मोबाइलच्या पिनपर्यंत



आजचा विषय आहे, वय झालेल्या बायकांनी मोबाइलवरचा बँकेचा व्यवहार शिकायला सुरुवात कशी करायची. पण आपण लगेच मोबाइल हातात घेणार नाही. आधी शंभर वर्षं मागे जाऊ, मुंबईच्या वरळीतल्या बीडीडी चाळीत, आणि तिथून हळूहळू पुढे येऊ. असं का, तर गटाच्या बैठकीत मोबाइलचा विषय निघाला की आमच्या मावश्या आणि आज्या एकच बोलतात, "आम्हाला कुठलं जमतंय आता? बँकेचं सगळं पोरगाच बघतो." ते ऐकून कुणालाही वाटेल, या बायकांनी जन्मात पैशाला हात लावला नसेल. चाळीचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो. तो नीट पाहिला तर आज्यांच्या बोलण्यातली एक गोष्ट चुकीची ठरते आणि एक अगदी बरोबर ठरते. दोन्ही समजून घेतल्या तर शिकायचं कसं, तेही कळतं.

बीडीडी ही अक्षरं 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' या सरकारी खात्याची. सर जॉर्ज लॉइड मुंबईचे गव्हर्नर असताना १९२० साली हे खातं निघालं. गिरण्यांमुळे मुंबईत माणूस मावत नव्हता, म्हणून कामगारांसाठी चाळी बांधायचं ठरलं. पैसा उभा करायला मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला. म्हणजे वऱ्हाड-खानदेशात वेचलेल्या कापसाचाही या भिंतींना हातभार लागला. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी अशा चार ठिकाणी मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, मधून लांब पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या, एका इमारतीत ८० खोल्या. खोली १६० चौरस फुटांची, आणि संडास मजल्यावर सगळ्यांना मिळून.

सुरुवातीला बऱ्याच खोल्या रिकाम्याच पडल्या होत्या. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा पकडलेल्या सत्याग्रहींना ठेवायला सरकारने वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. मैत्रिणींनो, हे १९३० साल मनात ठेवा. पुढे आपल्याला त्याचं काम पडणार आहे.

नंतर खोल्या भरल्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे, नगर अशा जिल्ह्यांतून माणसं आली आणि गिरणीत लागली. पुरुष मुंबईत आणि बायकामुलं गावाला, असं कितीतरी घरांचं चाले. जिथे बाई मुंबईत आली, तिथे तीही कमावू लागली. कुणी गिरणीच्या वाइंडिंग खात्यात, कुणी खानावळ चालवून.

गिरणीचा पगार महिना संपल्या संपल्या हातात पडत नसे. पुढच्या महिन्याचेही दिवस त्यात जात. शेवटी १९३६ साली वेतनाचा कायदा झाला. हजार किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याने महिना संपल्यावर दहा दिवसांच्या आत पगार द्यायचा, असं त्यात ठरलं. तोवरचे दिवस उसनवारीवर निघायचे. गिरणीच्या दारात पठाण सावकार उभा असे. कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटली आयोगाने १९३१ साली अहवाल दिला. रुपयाला महिन्याला एक आणा, हा व्याजाचा दर सर्रास चालतो असं त्यात नोंदलं आहे. हिशेब करून बघा. आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग. महिन्याला एक आणा म्हणजे वर्षाला बारा आणे, शंभर रुपयांवर पंच्याहत्तर रुपये व्याज! आज आपल्या गटात शेकडा एक की दोन यावर वाद होतो, तेव्हा ही आकडेमोड आठवावी.

अशा पगारातून घर चालवायचं म्हणजे वाटे पाडावे लागत. एक वाटा खोलीच्या भाड्याचा, एक वाण्याच्या उधारीचा, एक भिशीचा, आणि एक गावच्या मनीऑर्डरचा. ही वाटणी कागदावर नसे, बाईच्या डोक्यात असे. कुणाचे किती द्यायचे, कुणाकडून किती यायचे, कुठला दागिना कधी सोडवायचा, हे सगळं तिला तोंडपाठ. तिला बँक माहीत नव्हती, हे खरं. पैसा माहीत नव्हता, हे मात्र साफ खोटं.

आता मनीऑर्डरकडे येऊ, कारण इथे तुमचं गाव या गोष्टीत येतं. टपाल खात्याने १८८० साली मनीऑर्डर सुरू केली. पुढची शंभराहून जास्त वर्षं मुंबईचा पैसा कोकणात आणि घाटावर याच वाटेने गेला. चाकरमानी पोस्टात रांग लावायचा, फॉर्म भरायचा, पैसे आणि वर कमिशन भरायचा. फॉर्मच्या खालच्या पट्टीवर दोन ओळींचा निरोप लिहायला जागा असे. 'पैसे मिळाल्याचं कळवावे, आईची औषधं आणावीत' असं काहीतरी त्यात मावे. चार-आठ दिवसांनी पोस्टमन दारात उभा राही.

पुढे काय होई ते आपल्यातल्या साठीच्या बायकांना आठवत असेल. पोस्टमन नाव विचारी, निरोप वाचून दाखवी, पैसे हातावर मोजून देई. सही येत असेल तर सही, नसेल तर अंगठा. अंगठा घेताना शेजारचा एखादा माणूस साक्षीदार म्हणून सही करी. मग पावती परत मुंबईला जाई. तो अंगठा पाहिला की चाकरमान्याला कळे, पैसे पोचले. या एका व्यवहारात किती माणसं होती, मोजा. पाठवणारा, पोस्टमन, घेणारी, साक्षीदार. आणि ओटीवर बसलेली सासू वेगळीच! कुणी फसवायचं म्हटलं असतं तरी चार डोळे बघत होते.

चाळीतली भिशीही अशीच. दहा-बारा जणींनी महिन्याला ठरलेली रक्कम काढायची, सगळ्यांसमोर चिठ्ठी उचलायची, जिचं नाव निघेल तिने सगळी रक्कम न्यायची. कागद नाही, शिक्का नाही. सगळा व्यवहार एकमेकींच्या तोंडावर. पुढे १९७२ साली सरकारने अल्पबचतीसाठी महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना आणली. त्यात महिला एजंट घरोघर जाऊन पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे पैसे गोळा करू लागल्या. पोस्टात पैसे आणि हातात कार्ड. बाईचा पैसा पहिल्यांदा घराबाहेर गेला, पण तो नेणारी बाई ओळखीची होती.

बँक चाळीपर्यंत आली ती त्याच सुमारास. १९ जुलै १९६९ रोजी १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. गरिबालाही कर्ज द्यायचं, असं धोरण आलं. पण ते बाईपर्यंत आपोआप पोचलं नाही. गिरणगावात हजारो बायका खानावळी चालवत होत्या. दहा बाय सोळाच्या खोलीत पंधरा-वीस गडी जेवायचे, पैसे महिन्याने द्यायचे. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज या बायकांच्या डोक्यावर. संप झाला की जेवणारे गावाला जात, आणि उधारी इथेच राही. या बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या आणि गिरणगावच्या कामगार चळवळीतल्या या कार्यकर्त्या. सुरुवातीला चौदाच बायका होत्या. तारण ठेवायला काही नव्हतं, म्हणून त्या एकमेकींना जामीन राहिल्या, आणि राष्ट्रीयीकृत बँकेने त्यांना कर्ज दिलं. पुढे हजारो बायका त्या वाटेने गेल्या.

यात आपल्याला कामाची गोष्ट कोणती? त्यातल्या कितीतरी जणींना सही येत नव्हती. बँकेतला फॉर्म वाचता येत नव्हता. तरी त्या बँकेत शिरल्या, कारण एकट्या शिरल्या नाहीत. सोबतीला चार जणी आणि वाट माहीत असलेली एक जण होती. पण कर्ज जिच्या नावावर, तिने स्वतः काउंटरवर उभं राहून घेतलं. त्याच १९७५ सालात आपलं महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, स्थापन झालं. १९९२ साली नाबार्डने देशातले ५०० बचत गट बँकांना जोडून बघायचं ठरवलं. आज गावोगाव बँकेत गटाचं खातं आहे, त्याचं मूळ तिथे आहे. गटाच्या बैठकीत पैसे सगळ्यांसमोर मोजायचे, रजिस्टर मोठ्याने वाचायचं, हा आपला नियमही त्याच रीतीचा. साक्षीदाराशिवाय पैसा हलवायचा नाही.

मग १८ जानेवारी १९८२ उजाडली. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप केला. तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही, आणि हळूहळू गिरण्याच बंद पडत गेल्या. गावच्या मनीऑर्डरी आटल्या. कितीतरी कुटुंबं गावाला परतली. जी चाळीत राहिली त्यांच्यातल्या बायका घरकामाला, शिवणकामाला, पापड लाटायला लागल्या. पुढे कुणाच्या नवऱ्याला स्वेच्छानिवृत्तीचे पैसे एकरकमी मिळाले, कुणाला मागाहून पेन्शन लागलं. हे पैसे बँकेच्या खात्यात येऊ लागले. इथून एक बदल झाला, जो आम्हाला फार मोठा वाटतो. रोख पैशाचा हिशेब बाईकडे असे. खात्याचा हिशेब घरातल्या शिकलेल्या माणसाकडे गेला.

भारतातलं पहिलं एटीएम १९८७ साली मुंबईतच बसलं. चाळीपर्यंत कार्ड यायला आणखी बरीच वर्षं गेली. कार्ड आलं ते आईच्या नावाचं, पण पाकिटात राहिलं मुलाच्या. पिन मुलाला माहीत, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर मुलाचा. २०१० साली मोबाइलवरून लगेच पैसे पाठवायची आयएमपीएस सेवा आली. २०१४ साली जनधन खाती निघाली. २०१५ साली टपाल खात्याने जुन्या पद्धतीची मनीऑर्डर बंद केली. २०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआय आलं, नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी झाली, आणि वर्ष संपता संपता ३० डिसेंबरला सरकारने भीम नावाचं अॅप आणलं. हे नाव बाबासाहेबांवरून. 'रुपयाचा प्रश्न' हा त्यांचा मोठा ग्रंथ १९२३ चा, म्हणजे वरळीच्या चाळी बांधल्या जात होत्या त्याच काळातला. आता तर श्रावणबाळ असो, लाडकी बहीण असो, पैसा थेट आधारला जोडलेल्या खात्यात येतो. बँक नको म्हणायची सोय राहिली नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, "पैशातलं आम्हाला काय कळतं" हे आज्यांचं बोलणं चुकीचं आहे. पठाणाचं व्याज, वाण्याची उधारी, भिशी, खानावळ, गहाणाचा दागिना हे सगळं ज्यांनी सांभाळलं, त्यांना चार आकडी पिन जड नाही. पण त्यांच्या मनातली भीती बरोबर आहे. मोबाइलच्या व्यवहारात पहिल्यांदाच बाई पैशापुढे एकटी पडली. पोस्टमन नाही, भिशीतल्या बायका नाहीत, काउंटरवरचा कारकून नाही. बोट लागलं की पैसा गेला, आणि बघायला कुणी नाही. भीती वाटते ती यंत्रापेक्षा या एकटेपणाची.

चाळीत हे आता डोळ्यांसमोर दिसतं आहे. बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडा करत आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना उंच इमारतीतल्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत. घरात स्वतःचा संडास, स्वतःची मोरी. शंभर वर्षांनी मिळालेलं हे सुख आहे आणि त्याचा आनंदच आहे. पण चाळीत दार दिवसभर उघडं असे. फोनवर कुणी मोठ्याने ओरडलं तर समोरच्या खोलीतली विचारायला येई, "काय झालं गं?" नव्या घराचं दार ओढलं की बंद होतं. मुलगा-सून कामाला, नातवंडं शाळेत. आजी आणि फोन, दोघंच घरात. तुमच्याकडे गावात वाडे मोडून बंद घरं झाली, मुलं पुण्या-मुंबईला गेली, तिथेही वेगळं काही नाही.

फसवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. 'डिजिटल अरेस्ट' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. व्हिडिओ कॉलवर पोलिसाचा गणवेश घातलेला माणूस दिसतो. तुमच्या नावाने गुन्हा आहे म्हणतो. पण त्याचं पहिलं फर्मान काय असतं? दार लावा, फोन ठेवू नका, कुणाला सांगू नका. म्हणजे आधी साक्षीदार काढून टाकतो. भारताच्या कायद्यात डिजिटल अरेस्ट असं काहीच नाही. पोलीस फोनवर अटक करत नाहीत आणि सुटकेसाठी पैसे मागत नाहीत. आमच्या मते सगळ्या फसवणुकींची एकच खूण आहे. समोरचा 'कुणाला सांगू नका' म्हणाला की फोन कापायचा आणि शेजारणीला हाक मारायची.

तेव्हा शिकायचं कसं, याचं उत्तर इतिहासातूनच निघतं. साक्षीदार परत आणायचा, पण किल्ली आपल्याच हातात ठेवायची. पोस्टमनने कधी पैसे स्वतःच्या खिशात ठेवून "लागतील तसे मागा" म्हटलं नाही. मुलगा, सून, नातू, गटातली ताई यांनी शेजारी बसावं, दाखवावं, पण बोट आजीचंच चालावं. पिन टाकताना त्यांनी तोंड दुसरीकडे करावं. यात अविश्वास नाही. घरातल्या घरात हिशेब स्वच्छ राहिला की नात्यात किंतू राहत नाही.

पहिलं काम मोबाइलशिवायचं आहे. पासबुक काढा आणि विचारा, खात्याला नंबर कुणाचा जोडला आहे? मुलाचा असेल, कुणा एजंटाचा असेल, किंवा कधीच बंद पडलेला असेल, तर बँकेत अर्ज करून स्वतःचा नंबर जोडून घ्या. बंद पडलेला नंबर कंपनी काही काळाने दुसऱ्या कुणाला देऊ शकते, मग तुमच्या खात्याचे मेसेज त्याच्याकडे जातील. नंबर जोडला की पैसे आले-गेल्याचा मेसेज तुमच्याच फोनवर येतो. साधा बटणांचा फोन असला तरी येतो. तो मेसेज वाचायला शिकणं हाच पहिला धडा. जमा कुठला, नावे कुठला, शिल्लक कुठे लिहिली आहे, एवढं ओळखता आलं तरी पुष्कळ.

याच फेरीत आणखी एक काम उरका. खात्याला वारस, म्हणजे नॉमिनी, लावला आहे का बघा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. नवरा गेल्यावर पैसे मिळवण्यासाठी बायकांना किती खेटे घालावे लागतात, ते आपण सगळ्याच जाणतो.

दुसरा धडा, फक्त बघायचं. बँकेचं अॅप घालायचं असेल तर बँकेत जाऊन, तिथल्या माणसाकडून किंवा घरच्या विश्वासाच्या माणसाकडून, फोनच्या अधिकृत स्टोअरमधूनच घ्यायचं. कुणी मेसेजमधून लिंक पाठवली तर तिला हातसुद्धा लावायचा नाही. पहिले पंधरा दिवस शिल्लक बघायची आणि पासबुकाशी ताडून घ्यायची. पैसे पाठवायचेच नाहीत.

तिसरा धडा एक रुपयाचा. यूपीआयवरून शेजारी बसलेल्या मैत्रिणीला एक रुपया पाठवायचा. पैसे कुणाला जात आहेत ते नाव पडद्यावर येतं, ते मोठ्याने वाचायचं, मग पिन टाकायचा. तिच्या फोनवर मेसेज आला का बघायचं. मग तिने एक रुपया परत पाठवायचा. यात एक फार मोठी गोष्ट आपोआप कळते. पाठवताना पिन लागतो, घेताना लागत नाही. पुढे कुणी फोनवर म्हणालं, "तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका," तर आजीच सांगेल, "अरे बाबा, घेताना पिन लागत नाही." बीडीडीतली बाई पूर्वी पोस्टमनसमोर अंगठा देई तो पैसे घेण्यासाठी. पिन त्याच्या उलटा आहे, तो पैसे देण्यासाठी आहे. अंगठ्याची सवय असलेल्यांचा गोंधळ इथेच होतो, म्हणून हे दहा वेळा सांगावं लागलं तरी सांगावं.

पिन निवडताना जन्मसाल नको, खोली नंबर नको. चाळीत खोली नंबर सगळ्या मजल्याला पाठ असतो! पासबुकाच्या पाठीवर तर मुळीच लिहू नका. ओटीपी म्हणून जो आकडा मेसेजमध्ये येतो, तोही कुणाला सांगायचा नाही. बँकेचा माणूस म्हणवणाऱ्याला तर नाहीच, कारण खरी बँक तो विचारतच नाही.

जोखीम कमी ठेवायची आणखी एक जुनी रीत आहे. आपली आजी सगळे पैसे एका डब्यात ठेवत नसे. थोडे कनवटीला, थोडे तांदळाच्या डब्यात, बाकीचे पेटीत. तेच इथे करा. मोबाइलला जोडलेल्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा. ठेव आणि पेन्शनची शिल्लक दुसऱ्या खात्यात, ज्याला मोबाइल जोडलेला नाही. रोजची मर्यादाही अॅपमधून किंवा बँकेत सांगून कमी करून घेता येते.

आता अंगठ्याबद्दल दोन शब्द, कारण गावात तो परत आला आहे. बँक मित्राच्या मशीनवर आधार आणि अंगठा लावून पैसे काढता येतात. सोय चांगली आहे, बँकेपर्यंतचं एसटीचं भाडं वाचतं. पण जुन्या अंगठ्याला साक्षीदार असे, याला नसतो. "अंगठा उमटला नाही, पुन्हा लावा," असं म्हटलं की थांबा. पहिल्या वेळचं काय झालं, त्याची छापील पावती मागा. मोबाइलवर मेसेज आला का बघा. मगच दुसऱ्यांदा लावा. कधीच अंगठ्याने पैसे काढत नसाल, तर आधारच्या अॅपमधून बोटांचे ठसे कुलूपबंद करून ठेवता येतात. अंगठा लावायला जाताना एक मैत्रीण सोबत न्या. हा आपल्या आज्यांचा नियम होता, तो मोडायचं काही कारण नाही.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर काय? इथे ते १९३० साल कामाला येतं. ऑनलाइन फसवणूक झाली तर देशभरात जो नंबर फिरवायचा, तो आहे एक नऊ तीन शून्य. मिठाच्या सत्याग्रहाचं साल. आमच्या आज्यांना आम्ही असाच पाठ करून घेतो. जितक्या लवकर फोन कराल, तितकी पैसे वाटेतच अडवायची शक्यता जास्त. त्यासोबत बँकेलाही लगेच कळवायचं आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यायचा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार, चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणी पैसे काढले, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. पिन किंवा ओटीपी आपणच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून लाजेने गप्प बसू नका. घरचे काय म्हणतील या भीतीने आठवडा लपवून ठेवलेली गोष्ट सगळ्यात महाग पडते. आणि घरच्यांनीही आधी फोन लावावा, बोलायचं ते नंतर बोलावं.

शेवटी हेही सांगायला हवं, की मोबाइल नकोच असेल तर तेही चालतं. वयस्कर माणसांना बँकेत प्राधान्याने सेवा द्यावी, आणि सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा देण्याचा प्रयत्न करावा, अशी सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना दिली आहे. पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला मोबाइलवरून चेहरा दाखवूनही देता येतो, आणि बँकेत जाऊनही. "आता सगळं ऑनलाइनच आहे, मावशी," असं काउंटरवर कुणी म्हणालं, तर शांतपणे सांगा, "मला पासबुक भरून द्या." तो तुमचा हक्क आहे.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीने पासबुक आणि फोन घेऊन या. घरातल्या आजीलाही आणा, ती गटात नसली तरी आणा. हप्ते गोळा झाले, रजिस्टर लिहून झालं, की अर्धा तास याच कामाला द्या. पहिल्या बैठकीत फक्त कुणाचा नंबर कुठे जोडला आहे एवढंच बघा आणि वहीत लिहा. नंबर लिहा, पिन मात्र कुणाचाही लिहू नका. दुसऱ्या बैठकीत मेसेज वाचा. तिसऱ्या बैठकीत एक रुपया इकडून तिकडे फिरू द्या. रुपया फिरताना सगळ्यांनी मान वर करून बघा, जशा भिशीची चिठ्ठी उचलताना बघत होतात.